तोंडाची किंमत

इंजिन तेच. पाटे तेच. वजनही तेवढंच उचलते.
फरक फक्त तोंडाचा, आणि अठ्ठावीस हजारांचा.
उदगीरला, बिदर रोडवर, आमच्या शोरूमच्या काचेमागं
दोघी शेजारी उभ्या असतात:
जुनी, गोल डोळ्यांची,
लग्नाच्या फोटोत मागं उभ्या राहिलेल्या मावशीसारखी;
आणि नवी, काळी रुंद जाळी, भुवया खाली ओढलेल्या,
नुसती उभी असली तरी कुणावर तरी डाफरणारी.

गिऱ्हाईक आधी मायलेज विचारतं.
मी मायलेज सांगतो.
ऐकत कुणीच नसतं.
डोळे जाळीवर, हात बॉनेटवर,
हाळीच्या बाजारात देवणीच्या वशिंडावरून फिरावा तसा.

गुंडप्पा बिरादार, तीस वर्षं जनावरांची दलाली,
त्यांनी तर दरवाजासुद्धा उघडला नाही.
चार पावलं मागं सरले, मान तिरपी केली,
म्हणाले, "कपाळ चांगलंय."
मग खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला
आणि खालून दोन बोटं दाबली.
शोरूममध्ये. एसीत. कोटेशन छापून टेबलावर असताना.
मला ती भाषा येत नाही, तरी मान हलली.
दोन हजार माझ्या कमिशनमधून गेले.

त्या महिन्यात नव्या तोंडाच्या अकरा गेल्या.
जुनी एक.

ती नेली तोंडारच्या निलावती म्हेत्रेंनी.
पदर खोचून हौद्यात चढल्या,
वितीनं कॅरेटं मोजली, पत्रा ठोकून ऐकला,
म्हणाल्या, "टमाटे काय तोंडात भरायचेत का?"
पैसे रोख. पावती दोनदा वाचली.
मी चाकापुढं नारळ फोडला, मनात म्हटलं,
चला, एक तरी शहाणं माणूस.

सव्वा महिन्यानं परत आल्या.
मला वाटलं, सर्व्हिसिंग.
गाडीवर एक ओरखडा नव्हता.
"मोंढ्याच्या गेटात," म्हणाल्या, "पहाटं चारला
मागून येणारा पुढं घुसतो.
हॉर्न मारला तर हसतात.
मी उतरून बोलले की मग वाट देतात.
रोज रोज काय उतरायचं ओ?"
नव्या गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.
दात मोजावेत तशा जाळीच्या पट्ट्या मोजल्या.
आठ. म्हणजे जुळलेला.
"इंजिन राहू द्या. हौदा राहू द्या.
हे एवढं तोंड सुटं मिळतं का?"

मिळतं. बंपर, जाळी, दिवे, फिटिंगसकट
साडेएकोणीस हजार.
जुन्या गाडीला बसतं का, हे मात्र
कंपनीच्या पुस्तकात नाही.
इस्माईल मिस्त्री म्हणाला, बसवू की,
दोन भोकं नवी पाडावी लागतील.

दुपारभर त्या जुन्या टायरवर बसून होत्या,
ओच्यातल्या शेंगा फोडून खात.
उतरवलेलं तोंड फरशीवर पडलेलं,
गोल डोळे वर, पंख्याकडं.
मी भंगारवाल्याला फोन लावायला लागलो
तर म्हणाल्या, "थांबा. ते हौद्यात टाका.
परड्यात ठेवते.
कोंबड्या बसतील."