सोडलेले चेंडू

मार्केट यार्डात एकोणतीस वर्षं गुळाचं वजन लिहिलं.
आता मेरी वेदर मैदानाच्या कट्ट्यावर बसून
त्याच लाल बांधणीच्या वहीत
पोरींचा बेसबॉल लिहितो.

होम रन कोणीही मोजेल,
पाचवीतलं पोरगंसुद्धा बोटं दाखवतंय.
मी मोजतो ते चेंडू ज्यांना बॅट लागलीच नाही.

गुडघ्यापासून छातीपर्यंत, प्लेटच्या रुंदीची
एक चौकट असते हवेत. दिसत नाही.
चेंडू तिच्या आतून गेला की बाहेरून,
पोरीनं बॅट फिरवली की थांबली,
एवढे चार रकाने. बाकी सगळा आरडाओरडा.

सन्मती मगदूम, शिरोळकडची.
दिवाळीआधी बाहेरचे शंभर आले,
त्यातल्या सेहेचाळिसांवर बॅट फिरवली.
समोरून काही आलं की हातच शिवशिवायचे तिचे.
मी म्हटलं, बाई, सौद्यात येऊन बघ एकदा,
कणी मोडून, जिभेवर ठेवून
निम्म्या ढेपांपुढनं व्यापारी नुसता चालत जातोय.
न घेतलेल्या ढेपांवरच त्याचं घर उभं असतंय.
ती म्हणाली, "काका, मला गूळ नाही आवडत."

मार्चात बाहेरचे दोनशे चौदा. बॅट एक्केचाळिसांवर.
शंभरात एकोणीस!
आकड्याखाली मी दोन रेघा ओढल्या.
कोच म्हणतात, "चार बॉल सोडून चालत बेसवर जायचं,
ह्याला काय खेळ म्हणायचा? हाण की!"
सोडलेल्या चेंडूला टाळी पडत नाही इथं.

सांगलीविरुद्ध शेवटची इनिंग. दोघी बाद, तिन्ही बेस भरलेले,
तीन बॉल, दोन स्ट्राइक, एका धावेनं मागं.
चेंडू खाली आला, दोन बोटं बाहेर.
तिचा खांदा हलला. मनगट नाही.
अंपायरचा हात वर गेला.

मी लिहिलं, बाहेरचा, सोडला.
मॅच गेली हे लिहायला माझ्या वहीत रकाना नाही.

कट्ट्यावर कुणीतरी तिचा उद्धार करत होतं.
ती आली, वही ओढून घेतली,
माझ्या दोन रेघांकडं बघितलंसुद्धा नाही.
शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.
"आतले किती सोडले मी?"

तो रकाना भरला होता रोज, बेरीज कधी केली नव्हती.
दोघांनी बसून टिंबं मोजली.
त्रेपन्न. एकशे साठातले.
"एवढे चांगले होते?"

मी चष्मा पुसत बसलो.
लक्ष्मीपुरीतल्या एका पेढीची भागीदारी
आली होती माझ्याकडं, एकदाच,
गुडघा आणि छातीच्या अगदी मधोमध.
थांबलो होतो.
लोक हुशार म्हणाले, मीही म्हणवून घेतलं.

"उद्या सातला या," ती म्हणाली,
"आतलेच टाकायला सांगते कोचना."
वही तिनंच पिशवीत कोंबली.
पेन्सिल राहिली माझ्या कानावर,
रंकाळ्यापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं.