पित्त

मंगळवारी लोरिंत्स येतो, कत्तलखान्यातले रबरी बूट न काढताच,
आणि दारात बरणी ठेवतो :
बारा बैलांचं पित्त, शेवाळी, दाट.
"घे, तुझं सरबत." दर खेपेला तोच विनोद.

द्रिंका बरणी उचलते.
तिची आई पित्ताच्या साबणानं काढायची
मेजावरच्या कापडाचे चरबीचे डाग.
पित्त तेलाशी बोलतं, पाण्याशीही बोलतं,
दोन्ही घरांत ऊठबस असलेल्या
एखाद्या कडवट तोंडाच्या आत्यासारखं.

खिडकीतून दिसतो दुनावपलीकडचा किल्ला.
त्याच्या घड्याळात मोठा काटा तास दाखवतो, लहान मिनिटं,
नावाड्यांना लांबून वेळ कळावी म्हणून.
पाहुणे हमखास फसतात.

गेल्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरातल्या साध्या घड्याळात
सव्वानऊ झालेले असताना
वुकोटा म्हणाला, "पावणेचार! झोप आता."
ती हसली होती.
किल्ल्याचं घड्याळ बाधलं म्हणाली होती.

उजव्या कानाच्या वर, अक्रोडाएवढी गाठ.

औषध आहे. रक्तातून उंबऱ्यापर्यंत जातंही.
पण मेंदूच्या केशवाहिन्यांतल्या पेशी
खांद्याला खांदा लावून उभ्या,
विष काय, औषध काय, सगळ्यांना एकच उत्तर : परत जा.
म्हणून हे पित्त गाळायचं, त्यातलं आम्ल वेगळं काढायचं,
थोडं बदलायचं, औषधाच्या सोबतीला द्यायचं,
की भिंतीचे सांधे क्षणभर सैल पडावेत.
क्षणभरच.
जास्त झालं तर भिंतच विरघळते,
साबण शेवटी साबणच.

चौदा नंबरच्या उंदरात औषध पोचलं.
थोडं.
वहीत तिनं "थोडं" लिहिलं, खोडलं,
आकडा लिहिला.
माणसांपर्यंत यायला दहा वर्षं, प्राध्यापक म्हणाले,
आणि द्रिंकाचं पित्त खवळलं,
काचेच्या नळ्या उगाच दोनदा धुतल्या.

घरी सांगितलं तर वुकोटानं विचारलं,
"दहा? कुठल्या काट्यानं मोजायची?"

रविवारी दोघं नदीकाठच्या बाकावर बसतात,
सूर्यफुलाच्या बिया सोलत, टरफलं कागदात.
तिच्या बोटांना कडू वास असतो, तो काही बोलत नाही.
ती विचारते, किती वाजले रे?
तो पलीकडे किल्ल्याकडे बघतो
आणि सांगतो.
त्या एका घड्याळात तो अजून चुकत नाही.