तांबे, मायक्रोग्रॅम प्रति लिटर

दीपनगरला मी बॉयलरचं पाणी तपासते.
सिलिका किती, क्लोराइड किती,
एक अब्जांश इकडचा तिकडे झाला
तर रात्री दोनला फोन येतो.
घरच्या पाण्याचं मात्र मला सांगता येत नाही.
ते खारट. आमच्या यंत्राला मीठ सोसत नाही.

घरचं पाणी म्हणजे हॉलमधला चार फुटी समुद्र,
पिशवीतलं मीठ बादलीत कालवून केलेला.
खरा समुद्र भुसावळहून एका रात्रीच्या गाडीवर.
बाहेर सेहेचाळीस, काचेआड पंचवीस,
मधे चिलर धापा टाकत असतो.

एप्रिलात आधी गोगलगायी पडल्या.
काचेवरून सुटून वाळूत उताण्या.
मग झेनिया, जी दिवसभर मुठी उघडझाप करते,
एका दुपारी मिटली ती मिटलीच.
मी किटचे थेंब मोजले. कॅल्शियम ठीक, मॅग्नेशियम ठीक.
किटला जेवढं विचारावं तेवढंच ते बोलतं.

म्हणून कुपी मागवली.
त्याच पाण्याने तीन वेळा विसळायची,
काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही.
कुरिअरचा तडवी म्हणाला, लिक्विड जात नाही मॅडम.
औषध आहे? नाही. गंगा? नाही. समुद्र.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग उन्हात पातळ झालेल्या डांबराकडे,
आणि फॉर्मवर लिहिलं : काचेची वस्तू.

आप्पा म्हणाले,
"मानसाचं रगत बी इतलं लांब धाडत नई कोनी."

नऊ दिवस. अकोला, नागपूर, हैदराबाद,
बेंगळुरूच्या गोदामात दोन रात्री.
मग अहवाल : चौतीस मूलद्रव्यं, हिरव्या पट्ट्या.
आयोडिन नसल्यात जमा. स्ट्रॉन्शियम जरा कमी.
मॉलिब्डेनम, ज्याची मला आठवणही नव्हती, जागच्या जागी.
एकच पट्टी लाल.
तांबं : सदतीस.
खाली शेरा. स्रोत शोधा :
पंप, उघडी वायर, पितळी तोटी, जुनं औषध.

पंप खोलला. वायरी पुसून पाहिल्या.
तोटी तर प्लास्टिकची.

बुधवारी ड्यूटी बदलली, दुपारी घरी होते.
सावद्याच्या मालधक्क्यावर तीस वर्षं केळीचे घड मोजलेले आप्पा
दोनच्या ठोक्याला उठले,
सांध्यांसाठी रात्रभर भरून ठेवतात ती तांब्याची कळशी
दोन्ही हातांनी धरून आले,
आणि काचेच्या कडेकडेने, खोडाला घालावं तसं,
हळूहळू पाणी सोडलं.
उन्हाने उतरलेली दोन बोटं भरून निघाली.

मी दिसले तेव्हा दचकले नाहीत.
"रोज उतरतं वं पानी.
मले वाटलं, तहानलं असीन."

हा स्रोत शेऱ्यात नव्हता.

मी काही बोलले नाही. कोळशाची पिशवी टाकली,
धातू शोषणारे दाणे टाकले, निम्मं पाणी बदललं.
काचेवर शाईची रेघ मारली,
शेजारी आरओच्या पाण्याचा पांढरा कॅन ठेवला :
आप्पा, रोज दोनला, या रेघेपर्यंत.
अहवाल टेबलावर राहून गेला होता.
त्यांनी लाल पट्टीवर बोट ठेवलं.
"सदतीस मंजे पास ना?"
पास, आप्पा. पस्तीसला पास.

आता कॅनवर खडूच्या रेघा असतात,
चार उभ्या, पाचवी आडवी, वॅगनीवर मारायचे तशा.
दुसरी कुपी त्यांनीच विसळली, मोठ्याने मोजत.
तडवीने या वेळी काही विचारलं नाही.

झेनियाची एक मूठ अर्धी उघडली आहे.
गोगलगायी नव्या आणाव्या लागतील.
आणि कळशी स्वयंपाकघरात दिसत नाही.
काल माळ्यावर सापडली, पालथी, कोरडी,
आत केळीचं एक सुकलं पान.
आप्पा माठाचं पाणी पितात.
मी विचारलं नाही.