पाठराखा

अकरा हंगाम मी त्याची बोटं बांधली.
शनिवारी, स्टँडच्या पोटातल्या त्या खोलीत,
जिथं निलगिरीच्या तेलाचा वास
भिंतींच्या रंगातच मुरला होता.
करंगळी अनामिकेला, अनामिका मधल्या बोटाला,
अंगठा वेगळा.
क्लेम फारसं बोलायचा नाही.
पट्टी दातानं तोडू लागले की मात्र म्हणायचा,
कात्री घे, आयलीन, दात जपून ठेव.

मॅलीतल्या गव्हाच्या गावातून आलेला पोरगा.
एक सायलो, एक पब, एक मैदान,
आणि उन्हाळ्यात त्या मैदानावर मेंढ्या.
एकोणिसाव्या वर्षी त्याला शेवटच्या रेषेवर उभं केलं
आणि सांगितलं, तुझ्या मागे आता कुणी नाही.
मागे चार पांढरे खांब
आणि दोन झेंडे सांभाळणारा, हॅट घातलेला पंच.
चेंडू पलीकडे असला की दोघं
हवापाण्याचं बोलायचे म्हणे, शेजाऱ्यांसारखे.

चेंडू पकडायला सगळेच शिकतात.
हा शिकला पकडू न देणं.
लांबट चेंडू, हवेत गिरक्या खाणारा,
खाली दहा हात, सगळे मागणारे,
आणि त्यांच्यातून वर निघणारी एक बंद मूठ.
ठक्क.
त्या आवाजाला गुणफलकावर खण नव्हता.
रविवारच्या पेपरात नावापुढे: लाथा चार, झेल दोन, गोल शून्य.
समोरच्याचे तीन गोल ठळक छापलेले,
नऊ झाले असते हे कुठंच नाही.

आणि मग तो फोटो.
ऑगस्ट, चिखल, शेवटची दहा मिनिटं.
रॉस डि पिएत्रो त्याच्या खांद्यांवर गुडघे रोवून
आभाळात गेलेला,
बोटं पसरलेली, चेंडू वरूनच कुणी हातात ठेवल्यासारखा.
पोस्टर झालं त्याचं,
पोरांच्या खोल्यांतून, पलंगांच्या उशाशी.
खाली एक पाठ आहे. आकडा एकतीस.
चेहरा नाही.
शिडी असते तशी पाठ.

सोमवारी विचारलं, दुखतंय?
म्हणाला, खांदा की काय?
आणि हसला, वरचा एक दात नसलेलं हसू.
मला सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही,
की पाठीला माती लागली नव्हती तुझ्या.
तू उभा होतास,
म्हणून तर तो तेवढा वर गेला.

एकशे सत्त्याऐंशी सामने. स्वतःचा एक गुण.
वाऱ्याच्या एका दिवशी कसा कोण जाणे पुढे गेला,
लाथ घातली, चेंडू खांबावर आपटून परत आला.
खांबाला लागलं की एकच मिळतो.
जन्मभर खांब राखणाऱ्याला
परक्या खांबानं दिला तेवढा.

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी क्लबचा फोन.
दीड मिनिट. त्याच्या बायकोनं, नोलानं, घड्याळ पाहिलं होतं.
लॉकरमधून त्यानं बूट नेले
आणि माझ्या पेटीतलं पट्टीचं एक अर्धं रीळ.
मी ते हिशेबात लिहिलं नाही.

गेल्या वर्षी यारापिनला गेले होते.
खताबियाण्याच्या दुकानात तो वजनं करतो.
लग्नाची अंगठी बोटाच्या पेरावरून सरकत नाही,
गळ्यात साखळीला आहे.
एक पोरगा आला, बापानं मागून ढकललेला,
हातात तेच पोस्टर, जुनं, सुरळी केलेलं.
काउंटरवर उलगडलं, कोपऱ्यांवर खिळ्यांचे डबे ठेवले.
वाकड्या बोटांत पेन नीट बसेना.
वर आभाळ होतं, सहीला हवी तेवढी जागा.
क्लेमनं खाली, चिखलात, बुटांपाशी
बारीक अक्षरात नाव घातलं.
विचारलं, तू कुठं खेळतोस?
मागे, पोरगा म्हणाला, खाली बघत.
करंगळी सुजलेली होती त्याची.

क्लेमनं खण उघडून रीळ काढलं,
पिवळं पडलेलं, अर्धंच अजून.
हात दे, म्हणाला.
मग माझ्याकडे न बघताच,
आयलीन, कात्री.