आलं का?

गड्डीगोदामात इस्राईलभाई म्हणाले,
"काच खोलू नको बे आत्ताच.
जिथं ओल, तिथं भोक नसते."

मग मला झेनमध्ये बसवलं,
डॅशबोर्डखाली पावडर फासली,
पोरीची, डब्यातली शेवटची,
दारं लावली
आणि बाहेरून पाइप सोडला.

एप्रिलातल्या नागपुरात
मी उलटा पडून, मान क्लचपाशी,
टॉर्च धरून पाण्याची वाट पाहत होतो.

बारा मिनिटं.
काचेवर त्यांचा तळहात, धूसर:
"आलं का?"

मग पावडरीत एक रेघ उतरली
वायरींच्या जुडग्यामागून,
थांबत थांबत.

वायपरखालच्या नाळीत
कडुलिंबाची पानं निघाली,
तीन उन्हाळ्यांची, काळी, गच्च.

आणि मी दोन वर्षं
सीलंटच्या नळ्या रित्या करत होतो
चांगल्या काचेवर.