तीन सेंटीमीटर

कारासायच्या काठावर पत्र्याची पेटी.
आत डेटालॉगर, बारा व्होल्टची बॅटरी,
मागच्या हंगामातली मेलेली कोळीण.
पुलाखाली, पाण्याकडे तोंड करून, रडारचा सेन्सर.
दोघांत तीन तारा,
आणि बोलणं काही नाही.

मी दगडावर बसलेले, गुडघ्यांवर लॅपटॉप,
हातमोज्यांची बोटं कात्रीनं कापलेली.
नारिनच्या कार्यालयात सगळं सोपं होतं:
एक तार बोलायची, एक ऐकायची, तिसरी जमिनीची.
पोर्ट उघडलं. बफर दोनशे बाइटचा.
वाट पाहायची मुदत दोन सेकंद.
दोन सेकंद गेले. अजून दोन.
पडद्यावर उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव.
लॉगर असंच सांगतो,
विचारलं होतं, कोणी बोललं नाही.

सिरगाक बायके घोड्यावरून उतरले.
एकतीस वर्षं सकाळी आठला, संध्याकाळी आठला
या नदीची पातळी वहीत उतरवणारा माणूस.
तारा पाहिल्या, मग माझं तोंड.
"बोलणारी कोणती?"
दाखवली.
"ती जाते कुठे?"
मी बोटानं तार धरून गेले शेवटापर्यंत.
बोलणारीच्या तोंडाला बोलणारी.
ते हसले नाहीत. खिशातून कुरुतचा गोळा काढून दिला.
"माझे दोघे भाऊ असेच बोलतात," म्हणाले,
"वीस वर्षं झाली."

स्क्रू सैल केले, तारांची अदलाबदल केली.
आता अक्षरं आली, पण कसली!
चौकोन, तुटके कंस, एक डोकं फिरलेला य्.
वेग चुकला की हे असं होतं,
एक बिट दुसऱ्याच्या पायावर पाय देतो.
बाराशे. नाही.
चोवीसशे. नाही.
अठ्ठेचाळीसशेला एक शून्य ओळखू आलं, तेही बहुतेक योगायोगानं.
शहाण्णवशेला एकदम सगळं निवळलं:
आरंभाचा एक, मधले आठ, शेवटचा एक, पॅरिटी नाही.

१.२७, स्वल्पविराम, तापमान, स्वल्पविराम, चेकसम.

मी ओरडले बहुधा. घोड्यानं कान हलवले.
मग ओळ तोडायला बसले, स्वल्पविरामापाशी एकेक,
चेकसम जुळला नाही तर आकडा टाकून द्यायचा,
अंदाज करायचा नाही,
दर पंधरा मिनिटांनी, रात्रीही, जानेवारीतही.

बायके तोवर पाण्यापर्यंत जाऊन आले होते.
"खांबावरही एकशे सत्तावीसच आहे," मी म्हटलं,
"सेन्सर खांबालाच लावून घेतलाय."
"खांब खोटं बोलतो."
बारा वर्षांपूर्वीच्या पुरात एक शिळा आपटली,
खांब तीन सेंटीमीटर खाली बसला.
"कार्यालयाला कळवलं. दोनदा.
उत्तर आलं नाही."
"मग वहीत?"
"तीन वजा करून लिहितो. पत्नीला माहीत आहे. आता तुला."

वही त्यांनी उघडून दाखवली नाही, मी मागितली नाही.
खाली पाणी राखाडी, हिमनदीचं पीठ घेऊन चाललेलं,
कोणाच्याच शून्याची पर्वा नसलेलं.

कर्सर मागे नेला.
पातळी बरोबर पातळी वजा शून्य पूर्णांक शून्य तीन.
त्याच्यापुढे एक टिंब, ज्याच्यानंतरचं यंत्र वाचत नाही,
तिथे लिहिलं:
खांब खचलेला आहे. सिरगाक तोक्तोसुनोव यांनी सांगितलं.
नाव बरोबर लिहिलंय का, विचारलं.
चष्मा आणला नव्हता त्यांनी.
"वाचून दाखव," म्हणाले. मी वाचलं.
"सांगितलं नाही," ते म्हणाले, "कळवलं.
तसं लिही."

प्रोग्रॅम पुन्हा चढवला. हिरवा दिवा लुकलुकला.
१.२४.

संध्याकाळी पावणेआठला मी सामान बांधत होते,
तेव्हा ते कंदील घेऊन उतारावरून आले,
पेटीकडे न बघता पुढे गेले,
खांबापाशी वाकले,
आणि ओठ हलले त्यांचे,
वजाबाकी करताना हलतात तसे.