बारा टक्के गाय

हंसाला बोलावून इथे उपयोग नाही.
पाण्यातून दूध काढणं सोपं,
दुधातून दूध काढायचं तर?
दोन्ही पांढरी, दोन्ही गार,
फ्रीजमधून काढली की बाटलीला दोन्हींचा घाम सारखाच.

अल ऐनच्या या प्रयोगशाळेत
चोचीच्या जागी माझ्याकडे पिपेट आहे,
आणि शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची पाटी.
प्रत्येक खळग्याच्या तळाशी न दिसणारे हात चिकटवलेले,
ते एकाच प्रथिनाला धरतात,
बाकीच्यांना ओळखही देत नाहीत.
त्या प्रथिनाचं नाव लांबलचक, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन.
गाईच्या दुधात असतं.
उंटिणीच्या नसतं.
बाईच्याही नसतं, हे मला इथे आल्यावर कळलं,
तोवर माझी शर्वाणी पिऊन चालायलाही लागली होती.

नमुना चारशे सात.
तक्रार: दहा महिन्यांचं मूल, ओठ सुजले, अंगभर गांधी.
गाईचं सोसत नाही म्हणून घरचे
दुप्पट पैसे मोजून हे आणत होते.

थेंब सोडते. तासभर थांबते.
धुते, परत धुते, तिसऱ्यांदा पाटी उपडी करून
टिपकागदावर आपटते.
धरलेलं राहिलं, बाकीचं गेलं.
मग रंगाचं पाणी.
चारशे सातच्या दोन्ही खळग्यांत
निळं चढत जातं, कसलीही घाई न करता.
आम्ल पडताच त्याचं पिवळं होतं,
हळदीचं नव्हे, लिंबाच्या सालीचं पिवळं.
यंत्र त्यातून उजेड सोडतं आणि आकडा सांगतं:
बारा टक्के.

आमचे बाबा शिरोळजवळ डेअरीत डिग्री लावायचे.
एकदा तानूबाईच्या किटलीत
लॅक्टोमीटर नको तितका बुडाला.
बाबांनी तो अंगठ्यानं हळूच वर धरला
आणि वहीत अठ्ठावीस लिहिलं.
मी सहावीत. मी पाहिलं.
मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं.
घरी येईपर्यंत दोघं
उसाच्या गाड्यांबद्दल बोलत राहिलो.

पाटी पुन्हा लावली.
अकरा पूर्णांक आठ.
यंत्राला अंगठा नसतो.

बाहेर बाकावर इद्रिस, सुदानचा,
फार्मचा दुसरा नमुना घेऊन आलेला.
त्याला काही सांगायची मला परवानगी नाही.
तो माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि स्वतःच म्हणतो,
'हलीब बकर.'
गाईचं.
मग मोडक्या हिंदीत: एकीचं पिल्लू मेलं. ती आटली.
मालकाचे लिटर आटले नाहीत.
'तुमच्या मशीनला वास येतो?' विचारतो.
नाही म्हणते.
'मला येत होता,' तो म्हणतो. 'रोज.'

काचेपलीकडे जेबेल हफीत धुळीत अर्धा पुसलेला.
अहवालात पिल्लासाठी रकाना नाही.
खरं तर सुजलेल्या ओठांसाठीही नाही.
मी बारा लिहिते.
सही करते, तारीख घालते,
आणि उगाचच हातमोजा काढून अंगठा बघते.

इद्रिस पावतीची घडी घालतो, मग घडीची घडी,
खिशात ठेवतो. उठत मात्र नाही.
तुमच्याकडे इतकं सगळं आहे, म्हणतो,
आटलेल्या उंटिणीला पान्हा फुटेल
अशी एखादी सुई नाही का?